निर्णय लांबणीवर का?

संपादक महोदय,

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील केनोशा येथील कायल रिटनहाऊस खटल्यावर भरपूर लिहिले गेले. मात्र बहुतेकांचे लक्ष १९ नोव्हेंबर २०२१ च्या निर्दोषत्वाच्या निकालावरच खिळले. रिटनहाऊसने ऑगस्ट २०२० मध्ये केलेल्या गोळीबारात दोघांचा मृत्यू झाला व एक जखमी झाला. स्वसंरक्षणाचा दावा वाजवी संशयापलीकडे खोडून काढण्याची जबाबदारी विस्कॉन्सिनच्या कायद्यानुसार सरकार पक्षावर असते, त्यामुळे निकाल मला अनपेक्षित नव्हता.

खटकते ते वेगळेच. निकाल देणारे बारा ज्युरर (नागरिकांतून निवडलेले पंच) बंद खोलीत विचारविनिमय करीत होते आणि गोळीबाराचे ड्रोनने टिपलेले चित्रण पुन्हा पाहू मागत होते. त्याच वेळी, त्या चित्रणाची कमी दर्जाची प्रत आपल्याला मिळाली, अशी तक्रार करून बचाव पक्ष खटला रद्दबातल ठरवण्याची मागणी करीत होता. आरोपीने बाळगलेल्या मौनावर सरकारी वकिलाने प्रश्न विचारल्याचा आक्षेप तर त्याहून आधीचा. (त्यावरून न्यायाधीश श्रोडर भर न्यायालयात कडाडले होते.) तरीही या मागणीवर निर्णय न देताच त्यांनी ज्युरीला चौथ्या दिवसापर्यंत काम करू दिले. निकाल दोषी ठरवणारा आला असता, तर तोच अर्ज पुन्हा पुढे आला असता. आक्षेप गंभीर असेल तर त्याचा निवाडा ज्युरी आत जाण्यापूर्वीच व्हायला हवा होता.

— एक वाचक