लिफ्टच्या घराबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी ‘बघू’ म्हणून मोबाइल आईच्या हातात दिला असता, म्हणून लिहितेय. कोथरूडची जागा मी घेतली. भाड्याने. करार झाला, डिपॉझिटही दिलं. सदाशिव पेठेतलं घर विकायचं नाहीये, कुणाला द्यायचंही नाहीये. किल्ली बाबांच्याच खिशात राहील.

बाबा, यक्षाने युधिष्ठिराला विचारलं होतं ना, सगळ्यांत मोठं आश्चर्य कोणतं? रोज माणसं मरताना दिसतात, तरी उरलेल्यांना वाटतं आपण कायमचे. मला वाटतं, मरण माणूस एक वेळ कबूल करेल, पण तीन जिने झेपत नाहीत हे नाही करणार. परवा दुसऱ्या मजल्यावर थांबून तुम्ही समोरची पाटी वाचत उभे राहिलात. बाबा, ती पाटी मी शाळेत असल्यापासून तिथे आहे.

पेठेबाहेर करमणार नाही, हे खरंच. पण 12 जुलै 1961ला पानशेत फुटलं, आजीचं नारायण पेठेतलं घर गेलं आणि तिने गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत संसार मांडला. तेव्हा तेही गावाबाहेरच की! तरी वर्षभरात तिचं हळदीकुंकू तिथे भरायला लागलं. भिंतींची माया असतेच, मी नाही म्हणत नाही. पण ‘काय, आज उशीर?’ असं विचारणारं कुणी असलं की माणूस रुजतो. आजी तेव्हा तरुण होती आणि तुम्ही ऐंशीला टेकलात, हेही कळतं मला. म्हणूनच माझ्यापासून चालत पाच मिनिटांवर जागा बघितली.

ओटा आईच्या उंचीचा आहे, मी उभं राहून पाहिलं. देव्हारा पूर्वेलाच. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतलाय. तुळशीला बाल्कनीत सकाळचं ऊन मिळेल. दूध, पेपर दारात. सारसबागेतल्या तुमच्या कट्ट्यावर रविवारी मी सोडेन, कट्टा सुटणार नाही.

विसर्जनाची मिरवणूक बघून पहाटे परतताना बाबा मला खांद्यावर टाकून तिन्ही जिने चढायचे, आठवतं? मी जागीच असायचे. पायांनी चढायला लागू नये म्हणून डोळे गच्च मिटून घ्यायचे. उचलून घेतलं म्हणून मला कधी कमीपणा वाटला नाही हो, बाबा.

आता ऐका. माळ्यावर कुणीही चढायचं नाही, पितळेची भांडी मी उतरवेन. आई, लोणच्याच्या बरण्या बांधू नकोस, त्या मी रिक्षातून मांडीवर नेईन. बीपीची गोळी चहाबरोबर लगेच, ‘नंतर’ नाही. बाबांची पुस्तकं सगळी येणार आहेत, रद्दीवाल्याला परस्पर बोलावू नका. टेम्पो दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी येईल. आणि पहिल्याच दिवशी ‘मी जिन्यानेच येतो’ म्हणायचं नाही. पाचवा मजला आहे.

तुमची,
मनी