बाबा, बांगडा त्या यादीत होता

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल सकाळी सुखरूप पोचलो. पण कुडाळला गाडीत बसल्यापासून त्या दुपारचं जेवण मनातून जात नाही.

मालवणच्या त्या हॉटेलात टेबलावर मेनूकार्ड नव्हतं, कोपऱ्यात क्यूआर कोड चिकटवलेला होता. वाढणारा पोरगा 'स्कॅन करा' म्हणून गेला. मी माझ्या फोनवर यादी उघडून बाबांच्या हातात दिली. बाबा, तुम्ही फोन हातभर लांब धरून वाचत होतात. बोट लागलं की पान भलतीकडेच सरकायचं, मग तुम्ही पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात ऑफिसचा कॉल आला आणि मी फोन तुमच्या हातातून काढून घेऊन बाहेर गेलो. परत आलो तर तुम्ही म्हणालात, "माका भूक नाय." आणि सोलकढी तेवढी प्यायलात.

रात्री गाडीत ती यादी मी पुन्हा उघडून पाहिली. बांगडा होता, पण 'मॅकरेल' म्हणून. सुरमई 'किंगफिश' झाली होती, तिसरे 'क्लॅम्स'. कल्ला उचलून मासा ताजा की शिळा सांगणारे तुम्ही, तुम्हाला मालवणात बसून बांगडा सापडू नये! यात तुमची काही चूक नाही, बाबा. चूक माझी. मी शेजारी बसून वाचून दाखवायला हवं होतं.

हा कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने काढला, तो मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. कोरोनात एकाच कार्डाला सगळ्यांचे हात लागू नयेत म्हणून तो जेवणाच्या टेबलावर आला आणि तिथेच राहिला. तो वाचता येत नाही म्हणून उपाशी उठायचं कारण नाही. सरळ छापील कार्ड मागा. नसेल तर पोऱ्याला उभं करून तोंडी विचारा, आणि माशाचा दर आधीच विचारा, कारण पापलेट-सुरमईचा भाव आकारावर असतो.

आई, पैसे तू फोनवरून देतेस म्हणून तुला सांगतो. गल्ल्यावरच्या कोडवर दुसरा स्टिकर डकवलेला दिसला तर थांब. स्कॅन केल्यावर येणारं नाव मालकाला वाचून दाखव, मगच पिन टाक. पिन लागतो तो पैसे द्यायला. 'पैसे मिळतील, पिन टाका' असं कोणी म्हणालं तर तो फसवतोय. बिलासाठी मोबाईल नंबर मागितला तर नको म्हण. ग्राहकावर नंबरासाठी सक्ती करू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलं आहे.

आणखी एक. चिनूच्या ताटापुढे कार्टून लावून दिलं होतं. आई, तू तिला काटे काढून घास भरवत होतीस आणि तिने तुझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. तू काही बोलली नाहीस, पण मला दिसलं. हिच्याशी बोललोय, घरी जेवताना फोन बंद केलेत. चिनू काल रडली, आज वरणभात खाताना शाळेतलं सांगत होती.

१ जूनपासून मासेमारी बंद होईल, म्हणून आम्ही मेच्या दुसऱ्या आठवड्यातच येतो. त्याच हॉटेलात जाऊ. आमचे फोन आईच्या पिशवीत राहतील. बाबा, पोऱ्याला तुम्हीच विचारा, "आज काय गावला?" तो सांगेल त्यातलं तुम्ही निवडाल ते आम्ही सगळे खाऊ.

बाबांच्या चष्म्याचा नंबर तेवढा तपासून घ्या.

तुमचा,
बाळा