मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुलं पत्र: 'तुरळक ठिकाणी' म्हणजे नेमकं कुणाच्या वावरात?

मा. मंत्री, मदत व पुनर्वसन, महाराष्ट्र राज्य यांना

साहेब नमस्कार,

मी हिंगोली जिल्ह्यातला, घरी हळद आहे. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडं शिजवलेली हळद उघड्यावर वाळत घातलेली असते, दहा-पंधरा दिवस ऊन खाल्ल्याशिवाय ती आत नेता येत नाही, आणि नेमकं ह्याच दिवसांत मोबाईलवर एकच मेसेज फिरत असतो, तापमानात वाढ, तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पावसाची शक्यता. तो वाचून माणसानं करायचं काय, हे कुणीच सांगत नाही म्हणून लिहितोय.

मागच्या उन्हाळ्यात एक दिवस सकाळी नऊलाच चटके बसायला लागले, दुपारी तर झाडाचं पान हलत नव्हतं, एवढ्या उन्हात पाऊस येईल असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. चारच्या सुमाराला आभाळ काळं झालं, एकदम गार वारं सुटलं आणि धुरळ्यात समोरचं दिसेना. आई, बाबा आणि मी ताडपत्री ओढत होतो, तिचं एक टोक वाऱ्यानं हातातून सुटलं, ठेवलेला दगडसुद्धा घसरला आणि निम्मी हळद भिजली. भिजली की रंग जातो, मग व्यापारी हातात घेऊन परत खाली टाकतो. शेजारच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, कडुलिंबाखाली बांधलेली बैलजोडी वीज पडून जागेवर गेली, दावी तशीच गळ्यात. पहिल्या गडगडाटापासून वीस मिनिटंसुद्धा झाली नव्हती. आणि पलीकडच्या शिवारात थेंब नाही!

मग अंदाज चुकला का? नाही साहेब, बरोबरच होता. हवामान खात्याच्या भाषेत तुरळक ठिकाणी म्हणजे त्या विभागातल्या २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस, काही ठिकाणी म्हणजे २६ ते ५० टक्के. ही शब्दांची मापं ठरलेली आहेत पण ती शेतकऱ्याला कधी सांगितलीच नाहीत, आम्ही तुरळक वाचलं की थोडासा पाऊस समजतो. तुरळक हे किती जागी पडणार याचं माप आहे, किती जोरात पडणार याचं नाही, आणि ज्याच्या वावरात पडतो त्याच्यासाठी तो शंभर टक्केच असतो.

दुसरं म्हणजे ऊन आणि वीज ह्या दोन वेगळ्या बातम्या म्हणून येतात. खरं तर जमीन तापते, तापलेली हवा वर चढते, समुद्राकडून आलेलं बाष्प तिला मिळालं की दुपारनंतर ढग उभा राहतो. म्हणजे घामानं जीव नकोसा करणारी दुपार हीच संध्याकाळच्या वादळाची खूण असू शकते, हे एका वाक्यात सांगा ना लोकांना!

विजेनं २०२२ या एका वर्षात देशात २,८८७ माणसं गेली, केंद्राच्या गुन्हे नोंदणी विभागाचा (एनसीआरबी) आकडा आहे. माणूस गेल्यावर घरच्यांना चार लाख मिळतात, ते मिळायलाच पाहिजेत, पण माझं म्हणणं त्याच्या आधीच्या अर्ध्या तासाचं आहे. पुढच्या तीन तासांचा इशारा निघतो, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं विजेचा इशारा देणारं दामिनी ॲपपण आहे, पण कामाच्या वेळेला आमचा फोन आखाड्यावर पिशवीत खुंटीला असतो, आणि रेंजचं तर विचारूच नका. तो इशारा ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून दिला तर शिवारात ऐकू जातो. २०२३ मध्ये सगळ्यांच्या मोबाईलवर एकदम मोठा आवाज होऊन टेस्टचा मेसेज आला होता ना, तसाच आवाज ज्या महसूल मंडळावर, म्हणजे तालुक्यातल्या गावांच्या गटावर, ढग आलाय फक्त तिथं वाजवा. राज्याच्या महावेध प्रकल्पाची दोन हजारांवर हवामान केंद्रं मंडळनिहाय उभी आहेत, मग सूचना जिल्ह्याच्या नावानं का? आणि भाषा साधी ठेवा, "पुढच्या तासाभरात वीज, झाडाखाली थांबू नका, जनावरं झाडापासून सोडा, शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका" एवढं बास.

उन्हाचंही तसंच. मैदानी भागात पारा चाळीसला पोचून सरासरीपेक्षा साडेचार अंश वर गेला किंवा थेट ४५ झाला की उष्णतेची लाट धरतात. आमच्याकडं मे मध्ये सरासरीच चाळिशीच्या वर, त्यामुळं ४३ ला लाट नाही, पण हळद शिजवणारी बाई कढईच्या वाफेशेजारी उभी असते तिला काय फरक पडतो? खारघरला १६ एप्रिल २०२३ ला पारा चाळिशीच्या खालीच होता, तरी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमात उन्हात बसलेली १४ माणसं गेली. त्यामुळं रोजगार हमीचं आणि बाजार समितीतल्या हमालीचं काम बारा ते चार बंद ठेवायला लाटेची वाट बघू नका, एप्रिल-मे मध्ये सरसकट तसा आदेश काढा.

भोंगा आमच्यासारख्या गावांत आहे, तो वाजवणारा शिपाईपण आहे. त्याला फोन कुणी करायचा एवढं तालुक्याला नेमून द्या, मार्च संपायच्या आत. एप्रिलला हळद परत उघड्यावर पडणार आहे.

आपला,
हिंगोली जिल्ह्यातला एक शेतकरी