टाउपोला निघालेल्या लेकीस

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, ‘बाबा, नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघीजणी टाउपोला जातो, चालंल न्हवं?’ मी ‘बघू’ म्हणालो आणि फोन आईच्या हातात दिला. तुझा आवाज उतरलेला मला कळला. त्या ‘बघू’चं खरं उत्तर फोनवर देता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलोय. जा. मोकळ्या मनानं जा. पण माझं सगळं वाचून जा.

चार दिवस रोज रात्री तुमच्या न्यूझीलंडच्या त्या टाउपोबद्दल वाचतोय. पहिल्यांदा मला वाटलं, आपल्या रंकाळ्यासारखं एखादं तळं असेल आणि शेजारी ज्वालामुखीचा डोंगर. नकाशा बघितल्यावर उलगडा झाला. तळ्याशेजारी ज्वालामुखी शोधायचाच नाही, कारण तळं हाच ज्वालामुखी आहे. ६१६ चौरस किलोमीटर पाणी, सगळ्यात खोल जागी १८६ मीटर, आणि ते साठलंय जमीन फुटून आत खचली त्या खड्ड्यात. साधारण साडेपंचवीस हजार वर्षांपूर्वी तिथून हजार घन किलोमीटरहून जास्त माल बाहेर पडला. हा आकडा मला पचेना, तेव्हा मी आपल्या हिशेबात बसवला. कोयना धरण गच्च भरलं तर जेमतेम ३ घन किलोमीटर होतं. म्हणजे तीनशेहून जास्त कोयना एका स्फोटात आभाळात.

हे का होतं ते तुझ्या बापाला पुस्तकाशिवाय समजतं. २८ वर्षं फाउंड्रीत भट्टीपुढं काढली आहेत. तू लहानपणी शिरोलीला डबा द्यायला यायचीस, तेव्हा तुला मी दारातच थांबवायचो, आठवतं? चौदाशे अंशांचं मेटल लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, असताना साच्यात ओल राहिलेली असली, तर पाण्याची क्षणात वाफ होते. ती वाफ सोळाशे-सतराशे पट जागा मागते आणि जागा मिळाली नाही तर साचा फोडून बाहेर येते. एका फाउंड्रीत ओलं भंगार भट्टीत पडलं तेव्हा पत्र्याचं छप्पर उडालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवसापासून भंगार वाळलंय का, हे हात लावून बघितल्याशिवाय मी कधी टाकू दिलं नाही. टाउपोत तेच झालं, फक्त साचा एका तालुक्याएवढा होता. खालून तापलेला रस आणि वर तळ्याचं पाणी.

दुसरी गोष्ट सिलिकाची. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच. पन्हाळ्याखालचा काळा फत्तर ६ कोटी ६० लाख वर्षांमागं थरावर थर वाहत आला. तो पातळ होता, पसरत गेला. टाउपोच्या रसात सिलिका सत्तर टक्क्यांच्या वर. स्लॅगमध्ये, म्हणजे रसावरच्या मळीत, वाळू जास्त गेली की तो कसा चिकट होतो, सळईला लोंबतो, हे मी रोज बघायचो. तसा चिकट रस आतला वायू सोडत नाही. दाबून धरतो आणि एकदम सोडतो. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे झाले आणि तिथं खड्डा पडला.

शेवटचा मोठा स्फोट झाला इसवी सन २३२च्या सुमारास. तापलेल्या राखेचा लोंढा ऐंशी किलोमीटरपर्यंत गेला. सुदैवानं तिथं तेव्हा माणूस नव्हताच, तिथले मूळ रहिवासी माओरी, त्यांचे पूर्वज त्यानंतर हजारेक वर्षांनी होड्यांतून आले. इथं मात्र, त्याच्या थोडं आधी, ब्रह्मपुरीच्या टेकाडावर सातवाहनांच्या काळातली वस्ती नांदत होती. टाउन हॉलच्या म्युझियममध्ये तुला दाखवलेली ती रोमन समुद्रदेवाची छोटी मूर्ती तिथंच सापडली.

त्या स्फोटानंतरचा भाग मी दोनदा वाचला. राखेनं तळ्याची बाहेर जायची वाट बुजली. पाणी साठत गेलं, आजच्यापेक्षा तीसेक मीटर वर चढलं. मग तो राखेचा बांध फुटला आणि सगळं पाणी वायकाटोच्या खोऱ्यात उतरलं. वायकाटो म्हणजे तुझ्या हॅमिल्टनमधनं जाते तीच, ४२५ किलोमीटरची. तू संध्याकाळी जिच्या काठानं चालायला जातेस, ती टाउपोतून निघते. पाणी चढतं कसं आणि बांध फुटल्यावर काय होतं, हे आपल्या पेठेतल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

आता ज्यासाठी मी ‘बघू’ म्हणालो ते लिहितो. २०१९चा ऑगस्ट. तू अकरावीला होतीस. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आपण दर तासाला मोबाइलवर बघत होतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे तर कोल्हापुरात लहान पोराला पाठ असतं. संध्याकाळी महापालिकेची गाडी भोंगा लावून गेली, ‘घरं रिकामी करा.’ तू दप्तर भरून दारात उभी राहिलीस. मी म्हणालो, २००५ला पाणी आपल्या उंबऱ्याला शिवलं नव्हतं, आताही शिवणार नाही. आजीनंही ‘चला रे’ म्हटलं. मी ऐकलं नाही. पहाटे तीनला पाणी चुलीपाशी होतं. आजीला पाठीवर घेऊन माळ्यावर चढलो. दोन रात्री अंधारात काढल्या. आजीच्या बीपीच्या गोळ्या खालच्या कपाटात भिजून गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी रबरी होडी आली तेव्हा तू आजीचा हात धरून बसली होतीस आणि माझ्याकडे बघत नव्हतीस. पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. तू त्यावर आजवर एक शब्द बोलली नाहीस. मी बोललो नाही, ते आज बोलतो. चूक माझी होती. तुझं बरोबर होतं. २०२१ला मी इशारा पातळीलाच घराला कुलूप लावलं, ते त्या रात्रीमुळं.

तिथं पाण्याच्या फुटांऐवजी ज्वालामुखीच्या इशाऱ्याची पातळी असते, ० पासून ५ पर्यंत. जिओनेट नावाची यंत्रणा ती जाहीर करते. टाउपोची पातळी सप्टेंबर २०२२मध्ये पहिल्यांदाच १ केली होती, जमिनीखालचे हादरे वाढले म्हणून. मे २०२३मध्ये ती परत ० वर आली. निघायच्या आदल्या रात्री आणि सकाळी बघ, बंधाऱ्याची बघायचीस तशी. आणि पातळी कमी आहे म्हणजे भीती नाही, असंही धरू नकोस. तिकडच्याच व्हाकारी या ज्वालामुखीच्या बेटावर ९ डिसेंबर २०१९ला लोक फिरायला गेले, तेव्हा तिथं २ होती. स्फोट झाला आणि २२ माणसं गेली. आमचा पूर ओसरून चारच महिने झाले होते. मी ती बातमी घरात रंगकाम चालू असताना टीव्हीवर पाहिली होती आणि दिवसभर जेवण गेलं नव्हतं.

टोंगारिरोच्या ज्वालामुखी डोंगरातली वाट तू करणारच, मला ठाऊक आहे. पन्हाळा ते पावनखिंड तू जुलैच्या पावसात चाललीस, तेव्हा पायाबद्दल मला शंका नाही. २० किलोमीटर, सहा ते आठ तास, एका बाजूनं चढून दुसऱ्या बाजूला उतरायचं. लाल विवराजवळची सगळ्यात उंच जागा १,८८६ मीटरवर. पण मसाईच्या पठारावर धुकं आलं तर पुढं वाडी असते, कोणीतरी चहा देतं. तिथं वाडी नाही. उन्हाळ्यातही वारा उभं राहू देत नाही, असं लिहिलंय. तेव्हा तुम्हाला वाटेवर सोडणाऱ्या गाडीवाल्यानं ‘आज नको’ म्हटलं तर वाद घालू नकोस. पैसे गेले तर जाऊ देत, मी पाठवतो. विवराच्या चढावर तुमच्यातल्या एकीचे जरी पाय थरथरले, तर चौघीही माघारी फिरा. निम्म्यातून फिरलीस म्हणून तुला कोणी इथं हसणार नाही, मी तर नाहीच. ऑगस्ट २०१२मध्ये त्याच वाटेजवळच्या ‘ते मारी’ नावाच्या विवरातून रात्री दगड उडाले आणि खालच्या झोपडीचं छप्पर फोडून आत आले. थंडीतली रात्र होती, आत कोणी नव्हतं म्हणून निभावलं.

वाटेत पाचूसारखी हिरवी तळी लागतील. त्यांचं पाणी माओरी लोक पवित्र मानतात, त्याला हात लावू नये अशी त्यांची विनंती आहे. शिखरांवरही चढू नये म्हणतात. ते डोंगर त्यांच्या प्रमुखानं, होरोनुकू ते हेउहेउंनी, १८८७मध्ये सर्वांसाठी राखावेत म्हणून सरकारच्या हवाली केले. जोतिबाच्या डोंगरावर आपण पायातलं काढून चढतो ना, तसंच समज. लांबूनच हात जोड.

हुका धबधबा जरूर बघ. शंभर मीटर रुंद नदी पंधरा मीटरच्या घळीत शिरते आणि सेकंदाला २ लाख २० हजार लिटरपर्यंत पाणी जातं. क्युसेक्समध्ये पावणेआठ हजाराच्या आसपास. राधानगरीचे पाच स्वयंचलित दरवाजे एकदम उघडल्यावर भोगावतीत जेवढं येतं, जवळपास तेवढं, पण तेवढ्याशा फटीतून. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘कठड्याच्या आतून बघ म्हणावं.’ खालच्या अंगाला अरातिआतियाला धरणाचं पाणी सोडतात, आधी भोंगा वाजतो. भोंगा वाजला की खडकावरून वर यायचं. भोंग्याचं काय ते मी वर लिहिलंच आहे.

गरम पाण्याच्या झऱ्यात बसलीस तर डोकं पाण्याखाली घालू नकोस. त्या पाण्यात नाकावाटे मेंदूत जाणारा जीव असू शकतो, तशा पाट्याही तिथं असतात. नदीवर ४७ मीटरवरून दोरी बांधून उडी मारतात म्हणे. ती मला नको वाटते. पण माझं नको वाटणं तुझ्या आड येऊ देऊ नकोस. दोरी बांधणारा नीट दोनदा तपासतोय का, ते मात्र बघ. विमानातून उडी मारायची झाली तर आईला आधी सांगू नकोस, नंतर सांग.

आजीचा स्वेटर घेऊन जा. तिच्या हातचा तो शेवटचा, आणि तुझ्या त्या महागड्या जॅकेटच्या आत बसेल. गुऱ्हाळं चालू झालीत, पुढच्या पार्सलात काकवी आणि कांदा-लसूण चटणी पाठवतो. चटणीची पुडी तिथं तपासणीत अडवतात का ते विचारून कळव.

आता वेळेचं. तुमचं घड्याळ आमच्यापेक्षा साडेसात तास पुढं. तुम्ही सकाळी सातला चालायला लागाल तेव्हा इथं आदल्या रात्रीचे साडेअकरा. तुम्ही दुपारी तीनला उतराल तेव्हा इथं सकाळचे साडेसात वाजलेले असतील. उतरण्याची नक्की वेळ आणि गाडीवाल्याचा नंबर आधी आईला पाठव. वरती रेंज नसेल, तेव्हा मधे फोन करायच्या भानगडीत पडू नकोस, चालण्यावर लक्ष ठेव.

मी त्या दिवशी सहालाच पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसणार आहे. पाणी आता पार खाली गेलंय, दगडी दीपमाळा उघड्या पडल्यात. फोन शर्टाच्या खिशात असेल, आवाज मोठा करून.

तुझा,
बाबा