सायलेन्सर काय नुसता आवाज ऐकून निवडायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शनिवारच्या वाहन पुरवणीतला सायलेन्सरवरचा लेख वाचला. वाचून पुरवणी बाजूला टाकली, पण राग काही जाईना, म्हणून आज लिहायला बसलो. क्रूझर मोटारसायकलला, म्हणजे पाय पुढे टाकून आरामात बसायच्या गाडीला, बाहेरचा (मूळ कंपनीचा नसलेला) सायलेन्सर कसा निवडावा हे सांगायला तुम्ही अख्खे पान दिलेत. त्यात ‘दमदार’, ‘रांगडा’, ‘छातीत घुमणारा’ अशी विशेषणे आहेत, क्रोम बरा की काळा मॅट याची चर्चा आहे, किमतीही आहेत. पण एकाही सायलेन्सरपुढे डेसिबलचा आकडा नाही. धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा, म्हणजे ‘कॅट’चा, तर पानभरात उल्लेखही नाही. मग वाचकाने निवडायचे कशावरून?

मी गेली कित्येक वर्षे क्रूझर चालवतो. गाडीवर माझे प्रेम आहे, आणि बाहेरचा सायलेन्सर लावणारा प्रत्येक जण उपद्रवी असतो असे मी मुळीच मानत नाही. उलट तो घ्यायची वेळ माझ्यावरच आली होती. रत्नागिरीत खाऱ्या वाऱ्याने लोखंड टिकत नाही हे इथल्या कुणाला सांगायला नको. सायलेन्सर तर आतूनही सडतो. पेट्रोल जळताना पाणी तयार होते. घर ते बाजार आणि बाजार ते घर एवढ्याच फेऱ्या असल्या की सायलेन्सर पुरता तापत नाही, आतले पाणी वाफ होऊन बाहेर पडत नाही, ते खालच्या जोडाशी साचत राहते. वरून क्रोम चकाकत असते आणि खालून बोट जाईल एवढे भोक पडलेले असते. माझ्या गाडीचे तसेच झाले. वेल्डिंगवाल्याने ठिगळ लावून दिले, पण पातळ झालेल्या पत्र्यावर ते किती टिकणार? मूळ सायलेन्सरची किंमत ऐकली आणि ठरवले, बाहेर स्टेनलेसचा, चांगला, शांत सायलेन्सर मिळतो का पाहू. आंबा घाट चढून कोल्हापूर गाठले. असल्या सामानासाठी आमच्याकडची मंडळी तिकडेच जातात.

दुकानाचे नाव लिहीत नाही. भिंतभर सायलेन्सर टांगलेले. काउंटरवरच्या पोराने पहिला प्रश्न केला, “काका, आवाज कसला पायजे? इंदोरी हाय, पंजाबी हाय, डॉल्फिन हाय.” मी म्हटले, “मूळ गाडीएवढाच हवा. डेसिबल किती ते सांग.” त्याने मालकाकडे पाहिले. मालक म्हणाला, “तसलं काय नसतंय. आवाज ऐका की,” आणि मोबाइलवर एकामागून एक व्हिडिओ लावले.

मोबाइलवर काय कळणार? एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. म्हणजे ३,००० आरपीएमला (मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना) सेकंदाला २५ ठोके. हा खर्ज मोबाइलच्या स्पीकरला पेलतच नाही. त्यातून ऐकू येते ती नुसती वरची तडतड. भिंतीतून आत शिरणारी, लांबच्या प्रवासात चालवणाऱ्याचेच डोके उठवणारी घुमघुम असते, ती व्हिडिओत येतच नाही. तुमच्या लेखकानेही ‘खरेदीआधी व्हिडिओ ऐका’ हाच सल्ला दिला आहे. हे वाचले तिथेच माझे डोके फिरले.

त्या दुकानात मी एक सायलेन्सर हातात घेतला आणि एका टोकाला टॉर्च धरली. उजेड थेट दुसऱ्या टोकाला. मधे आडकाठी काहीच नाही. मूळ सायलेन्सरमध्ये कप्पे असतात, वायू वळसे घेत एका कप्प्यातून दुसऱ्यात जातो आणि त्या वळशांत आवाज मरतो. इथे भोकाभोकांची एक सरळ नळी आणि तिच्याभोवती गुंडाळलेले ग्लास वूल, बस्स. नवे असेपर्यंत ते वूल बराचसा आवाज खाते. पुढे ते जळते, काजळीने भरते, आणि तोच सायलेन्सर ओरडू लागतो. वूल बदलून घ्यावे लागते हे दुकानात सांगत नाहीत, तुम्हीही सांगितले नाहीत. तोंडाशी डीबी किलरची, म्हणजे आवाज दाबणारी, छोटी नळी होती, एका ॲलन बोल्टवर धरलेली. पोरगा म्हणाला, “हा बोल्ट काढला की मोकळा आवाज. पोलिसानं धरलं की परत लावायचा.” मी खिशात लोहचुंबक घेऊन गेलो होतो. ‘३०४ स्टेनलेस’ म्हणून जो दाखवला त्याला तो खाडकन चिकटला. खऱ्या ३०४ प्रतीच्या पोलादाला चुंबक असा घट्ट बसत नाही. बिलावर काय लिहून देणार म्हणून विचारले, तर बिलबुकावर इंग्रजी शिक्का: हा माल रस्त्यावर वापरण्यासाठी नाही. आणि दुकानाच्या दारातच, त्याच रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांना तो माल बसवण्याचे काम चालू होते!

नको म्हणून निघालो, तर मालक चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, “आवाज नको असंल तर स्कूटर घ्यायची की.” सगळे हसले. ते वाक्य मला अजून टोचते. कायद्यात बसणारी वस्तू मागणाऱ्या गिऱ्हाइकाची अशी संभावना व्हावी? अखेर मी मूळ सायलेन्सरच मागवून बसवला. महाग पडला, पण गाडी पुन्हा पहिल्यासारखी शांत चालते. आणि आता तुमची पुरवणी मोठ्या अक्षरांत सांगते, ‘आवाज हीच क्रूझरची ओळख’. त्या मालकाच्या आणि तुमच्या म्हणण्यात फरक तो काय राहिला?

क्रूझरची ओळख तिच्या बसण्यात आणि ओढीत आहे. रॉयल एनफील्डच्या मीटिऑर ३५० चेच उदाहरण घ्या. २७ न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क, म्हणजे ओढ, तिला ४,००० आरपीएमला मिळतो. पाय पुढे टाकून, वरच्या गिअरमध्ये, इंजिनाला न पिळता तासन्‌तास जाता येते, हे सुख क्रूझरचे. ते भोगायला गल्ली जागवावी लागत नाही.

‘योग्य सायलेन्सरने साडेतीनशेलाही हार्लेचा बाज येतो’ हे वाक्य तर छापायलाच नको होते. हार्ले-डेव्हिडसन या अमेरिकी कंपनीच्या पारंपरिक इंजिनात दोन सिलिंडर ४५ अंशांच्या कोनात असतात आणि दोघांचे कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर. त्यामुळे एक स्फोट ३१५ अंशांनी होतो, तर पुढचा ४०५ अंशांनी. ती अडखळती लय इंजिनातून येते. १९९४ मध्ये त्या आवाजाचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून कंपनीने अर्ज केला होता, २००० मध्ये तो मागे घेतला. एका सिलिंडरच्या गाडीत दर ७२० अंशांनी, ठरल्या वेळी एकच ठोका पडतो. तिला कुठलाही सायलेन्सर लावा, ती लय येणार नाही, फक्त गोंगाट वाढेल. एखादा पोरगा तुमचे वाक्य वाचून कष्टाचे पैसे घालवील, त्याचे काय?

ताकद वाढते म्हणता, तेही तसेच. जेमतेम वीस अश्वशक्तीच्या इंजिनात नुसता सायलेन्सर बदलून हाताला जाणवेल असे काही मिळत नाही. एप्रिल २०२० पासूनच्या, धुराच्या बीएस-६ नियमांत बसणाऱ्या गाड्यांत एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्याच्यावरून पेट्रोलचे प्रमाण ठरवतो. हवेचा मार्ग फार मोकळा केला तर ईसीयू थोडेफार सांभाळून घेतो, पण त्यालाही मर्यादा आहे. मग मिश्रण पातळ होते, बेंड पाइप निळा पडतो, थ्रॉटल सोडला की फटाफट बार उडतात. हे बार म्हणजे ताकद नव्हे. न जळलेले पेट्रोल नळीत जाऊन पेटते त्याचे ते बार. आणि पूर्ण सिस्टिम बदलली तर बहुतेक वेळा कॅटही जातो, म्हणजे बीएस-६ साठी मोजलेले पैसे आपणच उपटून फेकायचे.

सगळ्यात गंभीर चूक पुढे आहे. ‘पीयूसी असेल तर चिंता नको’ असे तुमच्या लेखात छापले आहे. दुचाकीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, आवाज मोजतच नाहीत. १७५ सीसीवरच्या मोटारसायकलींना आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे, आणि तोही साडेसात मीटरवरून, गाडी वेग घेत जात असताना मोजलेला आकडा. मोबाइलचे ॲप सायलेन्सरच्या तोंडाशी धरून काढलेल्या आकड्याची त्याच्याशी तुलना होऊच शकत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत चालणार नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड आहे, आवाजाच्या कलमात तीन महिने परवाना जातो. पानभर लेखात यातली एक ओळ बसली नसती का?

गेल्याच महिन्यात तुम्ही पहिल्या पानावर रोडरोलरखाली चिरडल्या जाणाऱ्या सायलेन्सरचा फोटो छापला होता आणि आत पोलिसांचे कौतुक करणारे स्फुटही लिहिले होते. त्याच वृत्तपत्राची पुरवणी आता तोच माल निवडायला शिकवते. धरले जाते ते पोर, चिरडला जातो तो त्याच्या पैशांचा सायलेन्सर. ज्याने विकला त्याचे दुकान दुसऱ्या दिवशीही उघडे असते. त्या दुकानदाराला कुणी प्रश्न विचारल्याचे तुमच्या अंकात मला कधी वाचायला मिळालेले नाही.

आमच्या गावात शनिवार-रविवारी पहाटे भाट्याच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाणारे घोळके येतात. अरुंद आळ्या, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, त्यात आवाज कोंडतो आणि खिडक्यांची तावदाने थरथरतात. रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ कायद्याने रात्र आहे आणि रुग्णालयाभोवती १०० मीटरचे शांतता क्षेत्र जाहीर करता येते. जिल्हा रुग्णालयासमोरून ही मंडळी थ्रॉटल पिळत जातात. माझी गाडी पाहून शेजारचे लोक मलाही त्यांच्यातलाच धरतात, याचे मला फार वाईट वाटते.

या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा प्रत्येक सायलेन्सरपुढे डेसिबल छापा, तो किती अंतरावरून आणि किती आरपीएमला मोजला तेही छापा. कॅट राहतो की जातो ते लिहा. मान्यतेचे प्रमाणपत्र विक्रेत्याकडे मागा, आणि तो दाखवत नसेल तर तसे लिहा. युरोपात बदली सायलेन्सरवर वर्तुळातल्या ‘ई’ अक्षराचा शिक्का पाहतात, आणि हार्लेच्या देशातही १९८६ पासूनच्या रस्त्यावरील मोटारसायकलींना ८० डेसिबलची मर्यादा आहे. गाड्यांची मान्यता चाचणी घेणारी एआरएआय कोथरूडच्या टेकडीवर आहे, तुमचे मुख्य कार्यालयही पुण्यातच आहे. तुमच्या प्रतिनिधीने एक चक्कर मारली असती तर हा लेख असा छापला गेला नसता.

आणखी एक. लेखासोबतच्या मोठ्या रंगीत फोटोत घाटातल्या वळणावर गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही, पायात चपला आहेत, आणि गाडीला मागची नंबरप्लेटही दिसत नाही. हा फोटो कुणी निवडला? निदान याचा खुलासा तरी येत्या शनिवारी त्याच पानावर करावा, ही विनंती.

आपला,
एक क्रूझरचालक वाचक, रत्नागिरी