एकोणतीस तारखेची न्योकी

मोंतेविदेओ, ३० ऑगस्ट २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

उद्या गौरी येणार. मुखवटे वहिनीने काढून पुसले असतील. मी मजेत आहे. इथे ऐन थंडी आहे, पण दोन-दोन स्वेटर घालते.

बाबा, "तिकडे लष्कर कधी सत्ता घेईल नेम नाही, नोटांची रद्दी होते," असं तुम्ही दादाला म्हणालात म्हणे. नोटांचं ते शेजारच्या अर्जेंटिनाचं. उरुग्वेत लष्करी राजवट होती, १९७३ ते १९८५. तेव्हा गायब केलेल्यांसाठी दर २० मेला इथे अजून मूक मोर्चा निघतो. पण गेली चाळीस वर्षं सरकारं मतपेटीतूनच बदलतात. या मार्चमध्येही बदललं आणि हरलेल्यांनी मुकाट्याने खुर्ची सोडली. नवे राष्ट्राध्यक्ष यामांदू ओर्सी पूर्वी शाळेत इतिहास शिकवायचे. तुमच्यासारखेच, म्हणून मुद्दाम लिहिलं.

२००२ मध्ये अर्जेंटिनाच्या संकटाची झळ लागून इथल्या बँका काही दिवस बंद ठेवल्या होत्या, हेही तुम्ही शोधून काढालच. माझा पगार सरकारी बँकेत जमा होतो. तुमच्या पतसंस्थेतल्या ठेवीसारखी गत होणार नाही. आणि मला कोणी राबवून घेत नाही. आठ तासांच्या कामाचा कायदा इथे १९१५ चा आहे.

आई, गायी इथे माणसांच्या तिपटीहून जास्त आहेत आणि त्या पुजायला नाहीत, देश त्यांच्यावरच पोसला जातो. मी भाजी-भात खाते. खरंच.

काल २९ तारीख होती, म्हणून ऑफिसात न्योकी होती. न्योकी म्हणजे उकडलेला बटाटा मैद्यात मळून केलेले बोराएवढे गोळे. ते पाण्यात उकळतात आणि वर टोमॅटोचं काहीतरी. तुझ्या हातात आले असते तर फोडणी दिली असतीस. इटलीहून आलेल्या लोकांनी ही चाल आणली. महिनाअखेर खिसा रिकामा, घरात बटाटे नि मैदा तेवढा उरलेला. खरी गंमत पुढे आहे. ताटाखाली नोट ठेवून जेवायचं! पुढचा महिना बरकतीचा जातो म्हणे. मी विचारलं, नोट कोणाला द्यायची? कोणालाच नाही. मग देवापुढे? तेही नाही. खरकट्या ताटाखालची लक्ष्मी परत पाकिटात! मी आधी ताटाखाली कागदी रुमाल घातला, तर सगळे हसले.

शिवाय 'न्योकी' ही शिवीही आहे. जो सरकारी नोकर कामावर फिरकत नाही, फक्त २९ च्या सुमारास पगार घ्यायला उगवतो, तो न्योकी. हे ऐकून मीही हसले. मग आठवलं, गेल्या तीन महिन्यांत मी तुम्हाला फोन केला तो पैसे पाठवल्यावरच. मी घरी पोचते तेव्हा तुमच्याकडे पहाटेचे तीन वाजतात, ही सबब. सकाळी निघताना तुमच्याकडे दुपारच असते.

स्लॅबसाठी चाळीस हजार पाठवलेत. बाकीचे ऑक्टोबरमध्ये, दादाला म्हणावं कर्ज वाढवू नकोस. दिवाळीला मात्र जमत नाही. तिकिटाचे पैसे स्लॅबलाच लावू. कोल्हापूरच्या स्थळाला मी 'नाही' म्हटलेलं नाही. फोटो पाहिला. मुलगा बरा वाटतो, पण इथलं काम मार्चपर्यंत आहे हे त्यांना आधीच सांगा, लपवू नका. आत्याला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

आई, गुडघ्याचं डॉक्टरांना दाखवलंस का? दादाने लिहिलं तेव्हा कळलं मला.

तुमची
चिऊ

ता. क. उद्या रविवार, ३१ तारीख. दुपारी साडेतीनला फोन करते. मोबाइल गौरींसमोर धरा.