ओवी, तो निळा दिवा लावण्याआधी

चि. ओवीस,
अनेक आशीर्वाद.

बाल्कनीत निळ्या दिव्याचं किडे मारायचं यंत्र लावायचं म्हणतेस. वर 'किडे कमी झाले तर कुणाचं काय अडणार आहे?' असंही म्हणालीस. फोनवर बोलले असते तर ते रागावणं वाटलं असतं, म्हणून निवांत लिहिते आहे.

आधी यंत्राचं. डास आपल्याला शोधतात ते श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, अंगाच्या वासावरून आणि उबेवरून. त्या उजेडाची त्यांना फारशी ओढ नसते. १९९६ साली अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा यंत्रांत मेलेले किडे मोजले. १३,७८९ किड्यांत माणसाला चावणारे निघाले फक्त ३१. बाकीचे बहुतेक निरुपद्रवी होते, आणि त्यांत इतर किड्यांना खाऊन त्यांची संख्या आटोक्यात ठेवणारेही होते. म्हणजे डास राहिले आणि त्यांना खाणाऱ्यांवरच घाला पडला.

आता अडण्याचं. गायीगुरं ब्रिटिशांबरोबर ऑस्ट्रेलियात गेली, १७८८ मध्ये. तिथले शेणकिडे कांगारूंच्या कोरड्या, बारीक लेंड्यांवर जगणारे. गायीचं ओलं, मोठं शेण त्यांना झेपेना. पो तसेच महिनोन्‌महिने पडून राहायचे, खालचं गवत मरायचं, आजूबाजूच्या गवताला गुरं तोंड लावत नसत, आणि त्या शेणात माश्यांची पैदास इतकी व्हायची की माणसांना उघड्यावर बसणं नकोसं होई. शेवटी जॉर्ज बोर्नेमिस्झा या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९६०च्या दशकात सरकारी संशोधन संस्थेने परदेशांतून, मुख्यतः आफ्रिकेतून, शेणकिडे आणायला सुरुवात केली. एका साध्या किड्याचं काम उभं करायला एका देशाला अनेक वर्षं आणि बराच पैसा घालावा लागला! इतर ठिकाणी हेच काम रोज फुकट होत असतं, म्हणून ते कुणाच्या हिशेबात येत नाही.

मलेशियातल्या तेलताडाची गोष्टही तशीच आहे. झाड आफ्रिकेतलं, पण ते लावताना त्याचे पराग पोचवणारा किडा मागेच राहिला. मग मजूर फुलोऱ्यावर हाताने पराग टाकत फिरायचे. १९८१ मध्ये कॅमेरूनमधून सोंडेचा एक बारीक भुंगेरा आणून सोडला आणि ते हाताचं काम जवळजवळ संपलं. आज किती साबणांत आणि बिस्किटांत ते तेल असतं बघ.

मधमाशीचं तुला शाळेपासून माहीत आहे, ते पुन्हा सांगत नाही. एवढंच लक्षात घे की किडे नसले तरी गहू-तांदूळ पिकतील, कारण ते वाऱ्यावर किंवा आपल्या आपण फळतात. पोट भरेल. कमी पडतील ती फळं, भाज्या, बदाम. २०२२च्या एका अभ्यासाने अंदाज मांडला की परागीभवन पुरेसं होत नसल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ४,२७,००० माणसं अकाली मरतात. उपासमारीने नव्हे. सकस अन्न कमी खाल्ल्यामुळे होणाऱ्या हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह अशा आजारांनी. मला हा आकडा सगळ्यात जास्त टोचतो, कारण भाजी महागली की ती आधी कुणाच्या ताटातून जाते ते आपल्याला ठाऊक आहे.

किडे खरंच कमी होताहेत का, हे तू विचारशीलच. जर्मनीत क्रेफेल्डच्या हौशी कीटक-अभ्यासकांनी तंबूसारखे जाळीचे सापळे लावून २७ वर्षं उडते कीटक गोळा केले आणि त्यांचं वजन केलं. ६३ जागा, त्याही सगळ्या संरक्षित निसर्गक्षेत्रांतल्या. वजन ७५ टक्क्यांहून जास्त घटलं होतं. पण सगळीकडे सारखंच चित्र आहे असं समजू नकोस. २०२० मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा जमिनीवरचे कीटक दर दशकाला साधारण ९ टक्के घटलेले दिसले, आणि गोड्या पाण्यातले मात्र ११ टक्क्यांच्या आसपास वाढलेले. नद्यांतली घाण कमी करण्याचा त्यात वाटा असावा, असं अभ्यासकांना वाटतं. मला या दुसऱ्या आकड्याने फार धीर येतो. आपण त्रास देणं कमी केलं की किडे परत येतात, आणि लवकर येतात, कारण त्यांच्या पिढ्या छोट्या असतात.

कारणं एकात एक गुंतलेली आहेत: मैलोन्‌मैल एकच पीक, तोडलेली कुंपणं आणि झुडपं, वाढती उष्णता, रात्रभर जळणारे दिवे. आणि औषधं. निओनिकोटिनॉइड नावाची कीटकनाशकं बियाण्यालाच चोळली जातात, ती रोपात भिनतात आणि परागात, मधुरसातही उतरतात. युरोपीय संघाने त्यातल्या तिघांचा उघड्या शेतातला वापर २०१८ मध्ये थांबवला. सरकारांनी करायची ती कामं सरकारांनीच करायला हवीत, ती तुझ्या बाल्कनीवर मी लादत नाही.

तुला मात्र एवढं सांगते. मच्छरदाणी लाव, साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओत. बाल्कनीतला दिवा झोपताना विझव. इमारतीच्या बागेत दर महिन्याला फवारणी होते म्हणालीस; पुढच्या बैठकीत विचार, की नेमकी कोणती कीड दिसली म्हणून फवारता? आणि यंत्र अजून परत करता येत असेल तर उद्याच परत कर.

तुझी,
आई